बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला की पुण्यातल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, एक शब्द हमखास कानावर पडतो: ‘नावाचा ख्रिस्ती’. पाळकसाहेब व्यासपीठावरून विचारतात, आपण खरे ख्रिस्ती की नावाचे? माना डोलतात. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कोणीतरी दुसराच उभा असतो. मग आशीर्वाद होतो, बाहेर चहा होतो आणि मंडळाच्या निवडणुकीची कुजबुज जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते. मी हे बरीच वर्षे पाहतो आहे, आणि माझ्याही डोळ्यांपुढे दुसराच कोणी असतो, हेही सांगून टाकतो.

हा शब्द आज आपण शेजारच्या बाकाकडे बोट दाखवायला वापरतो. पुण्यातल्या ख्रिस्ती इतिहासात मात्र ज्यांनी तो प्रश्न गांभीर्याने घेतला, त्यांनी आधी तो स्वतःलाच विचारला होता. त्यातल्या काहींची नावे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, पण ती निराळ्या कारणांसाठी.

पुण्यातले सर्वांत जुने ख्रिस्ती हे पेशव्यांच्या फौजेतले गोवेकर कॅथलिक. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर 1792 मध्ये त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. नाना पेठेतले सिटी चर्च ते हेच. श्रद्धा त्यांनी घरूनच आणलेली होती; ती निवडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो आला पुढच्या शतकात, 1830 च्या दशकापासून, जेव्हा जेम्स मिचेल आणि त्यांच्याबरोबरच्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी शहरात शाळा काढल्या आणि शिकलेल्या मराठी तरुणांपुढे नवा करार ठेवला.

त्या पिढीत नावापुरते ख्रिस्ती होणे फारसे परवडण्यासारखे नव्हते. बाप्तिस्मा घेतला की घर सुटे, पंगत सुटे, पुष्कळदा बायकोही माहेरी जाई. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जाऊ नये, असा कायदा झाला तोच मुळी 1850 मध्ये. बाबा पदमनजींचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत ते परमहंस सभेत जात. या सभेत जातिभेद मोडायचा, पण बंद दाराआड. बाहेर पडताना प्रत्येक जण पुन्हा आपापल्या जातीत शिरायचा. मनाने ख्रिस्ताकडे वळल्यावरही पदमनजींनी काही काळ असाच आतबाहेर काढला. 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेऊन त्यांनी तो खेळ संपवला. पुढे ते पुण्यात फ्री चर्चचे पाळक होते. ‘यमुनापर्यटन’चे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण गुपचूप विश्वास ठेवणे म्हणजे काय आणि ते माणसाला आतून कसे पोखरते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यांच्यासाठी खरेपणाचा अर्थ सरळ होता: चारचौघांत उभे राहून सांगणे.

अडचण सुरू झाली ती त्यानंतर. जो धर्म बापाने घरदार सोडून घेतला, तो मुलाला जन्मतः मिळाला. मिशनचे कंपाउंड, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनची नोकरी आणि महिन्याच्या महिन्याला मिशनचा पगार. साहेबाच्या मर्जीतला असण्याचा थोडा तोराही. दुष्काळांच्या वर्षांत, 1876 ते 78 आणि पुन्हा शतकाच्या अखेरीस, गावोगावची महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने मंडळीत आली तेव्हा ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का त्यांच्यावर बसला. हा शिक्का मारणाऱ्यांत बाहेरचे होते तसे मंडळीतले उच्चवर्णीय ख्रिस्तीही होते. मला तो नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे. भुकेने मरणाऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची आणि पगारावर निवांत जगणाऱ्याची घ्यायची नाही, हे कुठले माप? सुस्ती आली असेल तर ती भाकरीमागे आलेल्यांपेक्षा बंगल्यात स्थिरावलेल्यांकडून अधिक आली.

गुरुवार पेठेत पंचहौदाजवळ पवित्र नाम देवालय उभे राहिले ते 1880 च्या दशकात. त्याच्या मनोऱ्यातल्या घंटा आजही परिसराला वेळ सांगतात. या पंचहौद मिशनशी फादर नीळकंठ नेहेम्या गोरे यांचा दीर्घ संबंध होता. मूळचे चित्पावन ब्राह्मण, काशीत वाढलेले, संस्कृत दर्शनांत मुरलेले. ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. असा पंडित हाती लागल्यावर कोणत्याही मिशनने त्याला मिरवले असते, आणि मिरवलेही. पण गोऱ्यांना स्वतःचीच खात्री नसे. शंका त्यांना जन्मभर छळत राहिल्या. धर्माच्या सत्याविषयीच्या शंका होत्याच, पण त्याहून अधिक होत्या स्वतःच्या लायकीविषयीच्या. काउली फादर्स या व्रतस्थ संघात ते उमेदवार म्हणून गेले; कायमची व्रते मात्र त्यांनी कधी घेतली नाहीत. फकिरासारखे राहिले आणि 1895 मध्ये वारले. युक्तिवादाने दुसऱ्यांची शंका फेडणाऱ्या या माणसाची स्वतःची शंका शेवटपर्यंत फिटली नाही, आणि तरी तो रोज प्रार्थनेला उभा राहत होता. आजच्या संजीवन सभेत, म्हणजे श्रद्धा जागवायला भरणाऱ्या मेळाव्यात, असा मनुष्य साक्ष द्यायला उठला, तर त्याला खाली बसवतील अशी मला भीती वाटते.

ज्यांची शंका गोऱ्यांनी फेडली, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. 1882 मध्ये रमाबाई पुण्यात होत्या, आर्य महिला समाज त्यांनी त्याच साली स्थापला. नवा करार त्या इथेच वाचू लागल्या, गोऱ्यांची गाठही इथलीच. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंनी आणि त्यांच्या चिमुकल्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. गोऱ्यांच्या लेखनाने आपली बुद्धी पटली, हे रमाबाईंनी स्वतःच नोंदवले आहे.

बुद्धी पटली. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची सांगितली जात नाही.

अमेरिकेचा दौरा करून रमाबाई परतल्या, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि 1890 च्या नोव्हेंबरात ते पुण्यात आणले. तेच साल पंचहौद चहाचे. मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली, कोणी प्याले, कोणी नुसताच पेला हाती धरला, आणि गोपाळराव जोश्यांनी यादी छापून आणल्यावर रानडे-टिळकांपर्यंत सगळ्यांना प्रायश्चित्ताच्या वादात उतरावे लागले. बोलणे एक आणि चालणे एक, यावरून पुण्यात तेव्हा कोणालाच सुटका नव्हती. अशा गावात रमाबाई विधवांसाठी शाळा चालवत होत्या, आणि शाळेत धर्मशिक्षण देणार नाही असे वचन देऊन चालवत होत्या. सल्लागार मंडळावर रानडे आणि भांडारकर. नाव झालेले, काम मान्यता पावलेले, धर्म स्वीकारलेला. तक्रार करण्यासारखे काही उरले नव्हते.

याच काळात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन आले. हॅस्लमची गोष्ट गमतीची आहे. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये रीतसर दीक्षित पाद्री होता, देवळे बांधत होता, विधी चोख करत होता, आणि 1851 मध्ये एके दिवशी स्वतःचाच उपदेश चालू असताना त्याला कळून चुकले की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला झालेलेच नाही. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मनिवेदनात, त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले: ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. हिशेब केला तर हे वर्ष 1891 येते. म्हणजे ज्या बाईला सगळा देश ‘बाटलेली’ म्हणून ओळखत होता, ती पुण्यात बसून म्हणत होती की मी अजून ख्रिस्ती झालेच नाही.

यात नाट्य काही घडले नाही. पण परिणाम झाला, आणि तो चांगला महागात पडला. आधी रमाबाई आपला धर्म स्वतःपुरता ठेवत. आता त्या आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करू लागल्या आणि खोलीचे दार लावून घेण्यास त्यांनी नकार दिला. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला, ‘केसरी’ने तोफ डागली, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची तक्रार अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. ज्या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, त्याला उघड्या दाराने तडा गेलाच. पण रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर ते दार लावून घेणे म्हणजे पुन्हा त्या आठ वर्षांत जाऊन बसणे होते.

नंतरचा इतिहास केडगावचा. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या या गावी त्यांनी जमीन घेतली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. पुढच्या दुष्काळात ही संख्या हजारावर गेली. माणूस अशा वेळी म्हणेल, आता झाले. पण जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी पुन्हा तोच मुद्दा काढला: इतक्या जणींचे बाप्तिस्मे झाले, पण झाले काय? सत्तरेक मुली रोज सकाळी प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला, आणि महिना संपता संपता पापांची कबुली, रडणे, अनावर प्रार्थना असा तो प्रसिद्ध पुनरुज्जीवनाचा लोंढा आला. त्यावर टीकाही झाली, भावनेचा उमाळा म्हणून. टीकेत थोडे तथ्य असेलही. मला त्यात अधिक लक्षणीय वाटते ते असे की हे सगळे चालू असताना विणकाम, शेती, छापखाना, स्वयंपाक यांतले काहीच बंद पडले नाही.

रमाबाई निर्दोष होत्या असे समजायचे कारण नाही. त्यांचा हट्ट दांडगा होता. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला की दोन्हीकडचा ताठा दिसतो. संस्था त्या एकहाती चालवत. 1921 मध्ये मनोरमा गेली, तो घाव त्यांना सोसला नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्र आणायचे, हे त्यांचे अनेक वर्षांचे काम होते. ते त्यांच्यामागे, 1924 मध्ये, छापून निघाले.

पुण्याबाहेर, नगरकडे, हाच प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांना दुसऱ्या टोकाने भिडला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे मराठी अंग सांभाळत होता, मंडळ्या त्याची भजने गात होत्या. तरी मिशनच्या पगारावर पोसलेली मंडळी आपल्या पायांवर उभी कशी राहणार, हे त्यांना खात होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोन वर्षांनी टिळक वारले आणि दरबार फारसा टिकला नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त या संतपणाच्या आतली विसराळू, तापट, हातात पैसा न ठरणारी बाजू आहे. त्या स्वतः नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. स्वतःला पटायला पाच वर्षे घेतली आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. या पुस्तकाइतके भक्तीतल्या माणूसपणाचे प्रामाणिक चित्र आपल्याकडे दुसरे नाही.

पगार, बंगला, साहेबीपणा यांचा उबग काही इंग्रज मिशनऱ्यांनाही आला. जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये काढलेला ख्रिस्त प्रेम सेवा संघ काही वर्षांत पुण्यात, आजच्या शिवाजीनगरात आला: खादी, साधे जेवण, जमिनीवर बसून उपासना. व्हेरिअर एल्विन 1927 मध्ये भारतात आले ते याच संघात. पुढे ते गांधींकडे, मग गोंडांकडे वळले आणि पाद्रीपणही सोडून गेले. आश्रमातली साधी राहणीसुद्धा कालांतराने सवयीची होते. तिचीही खुर्ची होते.

स्वातंत्र्यानंतर कंपाउंडे मिशनकडून मंडळ्यांकडे आली, आणि जमिनीबरोबर जमिनीची भांडणेही आली. 1970 मध्ये नागपूरला निरनिराळे प्रॉटेस्टंट संप्रदाय ‘उत्तर भारतीय मंडळी’त (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकत्र झाले तेव्हा संप्रदायांच्या भिंती कागदावर तरी पडल्या. जातीच्या पडल्या की नाही, हे लग्नाच्या वाटाघाटींच्या वेळी कळते. आणखी एक गोष्ट घडली, तिच्याविषयी व्यासपीठावरून कमी बोलले जाते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंनाच मिळाला. 1956 मध्ये सगळ्या शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना झाला नाही. त्यामुळे रविवारी उपासनेला येणारा, प्रभूभोजन घेणारा, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा माणूस कधीकधी मुलाच्या दाखल्यावर धर्म वेगळा लिहितो. बाबा पदमनजींचे आतबाहेर जगणे निराळ्या कारणाने परत आले. याला नावाचा ख्रिस्ती म्हणावे तर ख्रिस्ती हे नावच तेवढे त्याच्याकडे नाही, बाकी सगळे आहे.

यंदाही तो शब्द व्यासपीठावरून आला, तेव्हा असाच एक जण माझ्या पुढच्या बाकावर होता. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला आणि सवयीने माझी नजर त्याच्या पाठीवर गेली. तो मान खाली घालून गीताच्या पुस्तकात पान शोधत होता.