अस्वलाचा पट्टा नको, तोंड बघा

भाचीसाठी अप्पा बळवंत चौकातून प्राण्यांचा तक्ता आणला. ‘आपल्या रानातलं अस्वल’ असं छापलेलं आणि वर चित्र हिमालयातल्या काळ्या अस्वलाचं! दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, “छातीवर पांढरा पट्टा आहे ना? मग झालं.”

नाही झालं. पट्टा दोघांनाही असतो. पट्ट्याच्या आकारावरून ओळखा, असं मुलांना सांगतात, तेही मला पटत नाही. अस्वल चार पायांवर उभं असलं की छाती दिसतेच कुठे?

आपलं अस्वल तुम्ही कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पाहिलंच असेल. पूर्वी दरवेशी दारोदार नाचवायला आणायचे तेही हेच. झिपरे केस, लांब फिकट नख्या. मेळघाटात आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात ते राहतं. हिमालयातल्याचे केस आखूड आणि चापूनचोपून बसवल्यासारखे, कान मोठे गोल, नख्या आखूड. एवढं पुरे.

खरी गंमत तोंडात आहे. भाची पहिलीत आहे, तिचे वरचे पुढचे दोन दात पडलेत. त्या फटीतून ती कढीचा असा भुरका मारते की बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. आपल्या अस्वलाला नेमके तेच दोन दात नसतात. भाचीचे परत येतील, अस्वलाचे येत नाहीत, कारण त्याला ती फट लागतेच. त्याचं आवडतं खाणं म्हणजे वाळवी. आधी ते नख्यांनी वारूळ फोडतं, मग जोरात फुंकर मारून माती उडवतं. नंतर लांब, लवचीक ओठांची नळी करतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. हो, नाकपुड्या मिटतात, आपण डोळे मिटतो तशा! म्हणून नाकात ना माती जाते, ना वाळवी. हा भुरका रानात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. हिमालयातल्या अस्वलाचे ते दोन दात जागच्या जागी असतात. तेही किडे खातं, पण असं भुरकत नाही. दोघांत हा फरक सगळ्यात मोठा आहे आणि मुलांच्या तक्त्यांवर तोच कुठे नसतो.

इंग्रजी नावाचाही मला राग येतो. 1791 साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद समजून नाव दिलं. पुढे ते अस्वल आहे हे कळलं, तरी ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. इंग्रजीत ‘स्लॉथ’ म्हणजे आळसही, त्यामुळे मुलांना वाटतं, हे आळशी असणार. अहो, धावायला लागलं तर माणसाला सहज गाठेल! आणि हिवाळाभर झोपतं ते हिमालयातलं. आपलं अस्वल थंडीतही वारुळं शोधत हिंडतं. आई तर पिल्लांना पाठीवर बसवून नेते, पिल्लं तिचे झिपरे केस घट्ट धरून बसतात.

आता कात्रजला गेलात की पट्टा शोधत बसू नका. तोंडाचा फिकट, लांबट पुढचा भाग आणि लोंबता खालचा ओठ बघा. सकाळीच जा, दुपारी ते सावलीत पडून असतं. आणि बुधवारी जाऊ नका, तेव्हा संग्रहालय बंद असतं.