टूरिंग कार, रेडिओ-नियंत्रित : देखभाल व सेटिंग

पक्क्या, सपाट जमिनीवर पळवायची, बहुधा विजेवर चालणारी छोटी शर्यतगाडी. रुळलेले प्रमाण 1:10. रुंदी सुमारे 190 मिमी., पुढच्या-मागच्या आसांतील अंतर 257 मिमी.च्या आसपास, गती चारही चाकांना, वरचे कवच पॉलिकार्बोनेटचे, नियंत्रण 2.4 गिगाहर्ट्‌झच्या रिमोटवर. नवख्याला बहुतेक वेळा तामिया या जपानी कंपनीची टीटी-02 सुचवली जाते.

गाडी घडवलेली शर्यतीच्या ट्रॅकवर अंथरलेल्या गालिच्यासाठी किंवा गुळगुळीत डांबरासाठी. ग्रामीण विदर्भात तिला मिळते ते मार्केट यार्डातले सिमेंट, नाहीतर नुकताच झालेला गावरस्ता. कापूस-तुरीचा हंगाम ओसरल्याशिवाय यार्ड मोकळे होत नाही, आणि ते होते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. त्यामुळे पुस्तिकेतले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शिवाय ‘सेटिंग बिघडले’ या तक्रारीमागे बरेचदा नुसती धूळ असते. आधी ब्रश, मग पाना.

धूळ आणि रुई. काळी माती सुकली की तिची पिठासारखी बारीक भुकटी होते आणि ती बेअरिंगच्या पत्र्याआडही शिरते. यार्डात भर पडते रुईची. तिचे तंतू आसाभोवती सुतासारखे गुंडाळले जातात. चाक काढून पाहिल्यावर षटकोनी हबच्या मागे राखाडी कडे दिसले, तर ते चिमट्याने ओढून काढावे. कापायला गेल्यास तुकडे आत जातात. नंतर आस बोटाने फिरवावा. खरखर लागली तर बेअरिंग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावे (मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळते) आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. बंडीच्या आसाला ओंगण सढळ हाताने घालतात, तो हात इथे आवरावा लागतो, कारण जास्तीचे तेल धूळ धरते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने चॅसी (गाडीचा सांगाडा) साफ होते, मात्र त्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नये. पेट्रोल कवचाला लावूच नये, पॉलिकार्बोनेट तडकते.

टीटी-02च्या मूळ संचात बेअरिंगऐवजी बुश (गोळ्या नसलेल्या साध्या कड्या) असतात. या मातीत ते लवकर झिजतात. पहिला खर्च बेअरिंगवर करावा, मोटारीवर नव्हे.

सेटिंग. यासाठी सपाट पाया लागतो. ओट्याचा कडप्पा किंवा जाड काच गवंड्याच्या लेव्हलने समपातळीत बसवली की काम भागते. सर्वांत आधी चॅसीचा पीळ पाहावा. गाडी बॅटरीसह ठेवून पुढच्या टोकाच्या बरोबर मध्याखाली सुरीचे टोक घालावे आणि सावकाश उचलावे. दोन्ही चाके एकदम सुटली तर ठीक. एक आधी सुटले, तर वरच्या पट्टीचे स्क्रू सैल करून पुन्हा आवळावेत, मग स्प्रिंगांचा ताण दोन्हीकडे सारखा करावा. हा पीळ राहिला, तर गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळते आणि उजवीकडे दुसऱ्याच, आणि माणूस रिमोटचा ट्रिम (गाडी सरळ चालवण्यासाठीचे बारीक बटण) फिरवत बसतो.

गालिच्यावर चॅसी जमिनीपासून 5 मिमी.वर चालते, यार्डातल्या सांध्यांवर ती घासते, म्हणून 8 ते 10 मिमी. ठेवलेली बरी. चाकांचा माथा 1 ते 2 अंश आत झुकलेला, मागची चाके समोरून 2 ते 3 अंश आत वळलेली, पुढची जवळपास सरळ. धुळीच्या जमिनीवर मागची पकड आधी सुटते, म्हणून मागचे स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ. बाकीचे बारकावे त्या जमिनीवर फारसे जाणवतही नाहीत.

ऊन. उन्हाळ्यात चंद्रपूर, अकोला भागात पारा 45 अंशांवर जातो. शॉकमधले (धक्के झेलणाऱ्या नळ्यांतले) सिलिकॉन तेल पातळ होते, गाडी उड्या मारू लागते; हिवाळ्यात 400 क्रमांकाचे तेल असेल तर तेव्हा 500चे भरावे. खरा प्रश्न मोटारीचा. तिचे कवच 80 अंशांपलीकडे जाऊ देऊ नये, असा साधारण दंडक आहे. हवाच 45 अंशांची असली की तापायला उरतात 35 अंश. उपाय गिअरचा. टीटी-02त 70 दातांचे मोठे चक्र, 22 दातांचे पिनियन (मोटारीच्या दांड्यावरचे छोटे चक्र) आणि आतले 2.6 गुणोत्तर मिळून 8.27 येते, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटारीच्या तेवढ्या फेऱ्या; पिनियन 20चे केले की 9.1. सरळ रस्त्यावर वेग थोडा घटतो, मोटार वाचते. पिनियन बसवताना दोन चक्रांत वहीच्या कागदाची पट्टी सरकवून मोटार आवळावी. पट्टी नागमोडी होऊन न फाटता बाहेर आली, तर फट योग्य.

बॅटरी. दोन सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर) संच पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्ट असतो. 4000 मिलिअँपिअर-तासांच्या संचाला 4 अँपिअरने चार्जिंग द्यावे, संच थंड झाल्यावर आणि कोणीतरी समोर बसून. भारनियमनात ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारा चार्जर उपयोगी पडतो. पेरणीच्या दिवसांत गाडी बाजूला पडते; तेव्हा प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर ठेवावा. टिनाच्या छपराखाली, कडब्याजवळ संच ठेवणे म्हणजे आगीला आवतण. फुगलेला संच पुन्हा चार्जिंगला लावू नये.

सुटे भाग. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 साली 70 टक्के झाले. त्यामुळे जे गावात होते ते गावातच करून घ्यावे. सुटलेला टायर फेविक्विकने रिमला चिकटतो, तडकलेल्या कवचाला आतून जाळीची पट्टी लावता येते, वाकलेला आस लेथवाला सरळ करून देतो. पिनियन मात्र विकतच घ्यावे, 0.6 मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप) दात साध्या लेथवर कापले जात नाहीत.