पुनःप्रकाशित तबकड्या (रेगे, डब व डिस्को)

जमैकातील रेगे व डब (तयार गाण्यातील गायन व वाद्ये काढून-घालून केलेले नवे मिश्रण) आणि अमेरिकेतील डिस्को या संगीतप्रकारांच्या, मुख्यतः १९६८ ते १९८५ या काळातील, तबकड्या संग्राहकांसाठी पुन्हा व्हिनाइलवर काढण्याची प्रथा. मूळ साच्यांवरूनच आणखी प्रती काढल्या तर ते पुनर्मुद्रण. नव्याने ध्वनिसंस्करण (मास्टरिंग) करून, नवी खाच कोरून आणि बहुधा माहितीपत्र जोडून काढलेली आवृत्ती म्हणजे पुनःप्रकाशन. व्यवहारात ही सीमारेषा पुसट आहे. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचे मालक क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड (मृत्यू २००४) आपल्या तबकड्या अनेक वर्षे छापत राहिले आणि काही जुन्या ध्वनिमुद्रणांवर त्यांनी नंतर नवी वाद्ये चढवली. अशी प्रत कोणत्या वर्गात घालावी, यावर सूचिकारांत एकमत नाही. परवानगीविना छापलेल्या चोरट्या प्रती हा तिसरा वर्ग. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

डबचा उगम : या प्रथेतील बहुतेक अडचणींचे मूळ डबच्या घडणीत आहे. जमैकात साउंड सिस्टिमचे (नृत्यासाठी तबकड्या वाजवणाऱ्या फिरत्या ध्वनियंत्रणेचे) चालक नृत्यरात्रींसाठी एखाददुसरी खास प्रत ॲसिटेटवर, म्हणजे लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर, कोरून घेत. तिला डबप्लेट म्हणतात. स्पॅनिश टाउनचे चालक रडी रेडवूड यांनी ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आयल स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकसंघाच्या ‘ऑन द बीच’ची अशी प्रत कोरून घेतली. तंत्रज्ञ बायरन स्मिथ यांच्याकडून गायनाचा भाग चुकून गाळला गेला आणि नुसत्या वाद्यसंगतीवर श्रोतेच गाऊ लागले, अशी हकिकत आहे. ती प्रामुख्याने निर्माते बनी ली यांच्या आठवणींवर आधारलेली असून त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या संध्याकाळी ते स्वतः व ध्वनितंत्रज्ञ किंग टबी तेथे हजर होते. घटनेचा काळ १९६७ ची अखेर किंवा १९६८ असा दिला जातो. १९६८ अधिक संभाव्य वाटते. मात्र गायनविरहित तबकड्या त्याआधीही निघत होत्या, त्यामुळे या प्रसंगाला डबचा जन्म म्हणण्यापेक्षा ‘व्हर्जन’ (गाण्याची गायनविरहित आवृत्ती) या प्रथेचा आरंभ म्हणणे अधिक योग्य ठरेल. १९७० च्या सुमारास एकल तबकडीच्या मागच्या बाजूस व्हर्जन देणे रूढ झाले.

किंग टबी (मूळ नाव ऑस्बोर्न रडक, १९४१–८९) हे रेडिओ व ध्वनिवर्धक दुरुस्त करणारे कारागीर आणि ड्यूक रीड यांच्याकडे तबकडी कोरणारे तंत्रज्ञ होते. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातील आपल्या घरी त्यांनी छोटा स्टुडिओ थाटला आणि डायनॅमिक साउंड्स या स्टुडिओने काढून टाकलेले मिश्रणफलक विकत घेतले. वाद्ये एकाएकी काढून घेणे, गायनाची एखादीच ओळ शिल्लक ठेवून तिला प्रतिध्वनीत सोडून देणे, फलकावरील चाळणीने खर्ज हळूहळू गाळत नेणे ही त्यांची तंत्रे. हे सारे गाणे चालू असताना, हातांनी, एका दमात होई. तेव्हा डबची ‘मूळ प्रत’ म्हणजे अनेक मार्गिकांची (प्रत्येक वाद्य वा आवाज वेगळा मुद्रित केलेली) फीत नव्हे, तर त्या दिवशी फलकावर घडलेले वादन. त्याची दोन मार्गिकांची अंतिम फीत हरवली, तर मूळ मार्गिका हाती असूनही ते मिश्रण पुन्हा जुळवता येत नाही.

पहिला डब अल्बम कोणता, हा प्रश्नही अनिर्णित आहे. निर्माते ली पेरी यांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’, हर्मन चिन-लॉय यांचा ‘अक्वेरियस डब’ आणि रँडीज स्टुडिओत एरॉल थॉम्पसन यांनी मिश्रण केलेला ‘जावा जावा जावा जावा’ हे तिन्ही साधारणतः १९७३ चे मानले जातात. त्या काळच्या जमैकन तबकड्यांवर वर्ष नेहमी छापलेले नसे, आणि महिन्यांचा क्रम लावण्यासारखा पुरावा नाही. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या पहिल्या छपाईत सुमारे ३०० प्रती निघाल्या, असे सांगतात.

बारा इंची एकल तबकडी : डिस्कोने संग्राहकांना दिलेला प्रमुख आकार. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर पूर्ण आवाजात तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे नीट बसते. खर्जाच्या स्वरांना खाच आडवी अधिक हलते, म्हणजेच अधिक जागा लागते. गाणे लांबले की खाचा जवळ आणाव्या लागतात, आणि मग आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते. नृत्यालयात सहा-आठ मिनिटांचे गाणे खणखणीत खर्जासह हवे असेल, तर मोठी तबकडी घेण्याला पर्याय नव्हता.

हा शोध न्यूयॉर्कचे मिश्रणकार टॉम मोल्टन यांना योगायोगाने लागला, असे बहुतेक ठिकाणी नमूद आहे. ध्वनिसंस्करक होसे रोद्रिगेस यांच्याकडे सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून त्यांनी अल डाउनिंग यांचे ‘आय विल बी होल्डिंग ऑन’ दहा इंची तबकडीवर कोरले. इतकी जागा रिकामी पाहून मोल्टन यांनी खाचा पसरून कोरायला सांगितले. त्यासाठी आवाजाची पातळी वाढवावी लागली, आणि ऐकताच फरक लक्षात आला. याचा काळ १९७४–७५ असा दिला जातो. बारा इंचांवरची पहिली प्रत मोमेंट ऑफ ट्रूथ या संघाच्या गाण्याची होती, असेही सांगितले जाते. दहा इंची प्रसंग आणि बारा इंची प्रसंग सांगणाऱ्यांच्या तोंडी अनेकदा एकत्र होतात. १९७० मध्ये बारा इंची एकल तबकडीचा एक बाजार-प्रयोग झाल्याची नोंद आहे, पण त्याचा नृत्यालयांशी संबंध नव्हता. सर्वसामान्य विक्रीसाठी निघालेली पहिली बारा इंची एकल तबकडी म्हणून डबल एक्स्पोझर या संघाची ‘टेन पर्सेंट’ (सॅल्सोल, १९७६) साधारणपणे मान्य आहे. वॉल्टर गिबन्स यांनी तिचे मिश्रण नऊ मिनिटांहून लांब केले.

लवकरच हा आकार जमैकात पोहोचला. तेथे त्याला ‘डिस्कोमिक्स’ म्हणत, पण त्यात डिस्कोचा ठेका असेलच असे नाही. आधी गायन, मग त्याच फितीवर जोडलेले डब किंवा डीजेचे बोलगाणे, अशी त्याची मांडणी असे. पहिल्या जमैकन डिस्कोमिक्सचा मान बहुधा मॅक्सफील्ड अव्हेन्यूवरील चॅनल वन या स्टुडिओकडे जातो.

पुनःप्रकाशनाची वाटचाल : जुन्या जमैकन ध्वनिमुद्रणांचे संकलन लंडनच्या ट्रोजन (स्थापना १९६८) या कंपनीने पुष्कळ केले; तेथे भर स्वस्त संग्रहांवर होता. संग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून, छायाचित्रे व वादकांच्या नावांसह आवृत्त्या काढण्याचा पायंडा मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर (१९९३) या संस्थेने पाडला. अभ्यासक स्टीव्ह बॅरो तिचे एक संस्थापक होते. लंडनच्या प्रेशर साउंड्स, सोल जॅझ, ऑनेस्ट जॉन्स आणि टोकिओच्या डब स्टोअर यांनी ते काम पुढे नेले. बर्लिनच्या बेसिक चॅनलच्या दोघा संगीतकारांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील वॅकीज या लेबलच्या आवृत्त्या २००१ पासून काढल्या. संख्येने लहान असल्या तरी टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या श्रोत्यांना रेगेकडे वळवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

‘हार्ट ऑफ द काँगोज’ (१९७७) हे या कामातील गुंतागुंतीचे चांगले उदाहरण होय. ली पेरी यांनी आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत केलेल्या या अल्बमची जमैकात दोन वेगळी मिश्रणे निघाली, आणि पहिल्याच्या प्रती फार थोड्या होत्या. ब्लड अँड फायरच्या १९९६ च्या आवृत्तीने तो जगभर पोहोचवला. पहिले मिश्रण मात्र सहज उपलब्ध होण्यास चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती यावी लागली. जुन्या समीक्षेत या अल्बमचे वर्णन वाचताना लेखकापुढे कोणते मिश्रण होते, हे आधी तपासावे.

डिस्कोच्या बाजूस इतिहास तुलनेने सरळ आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्को तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली, आणि त्या सुमारास बाजारही कोसळला. आवरणाचा कोपरा कापून स्वस्तात काढलेल्या न विकलेल्या प्रती पुढे हाउस संगीताच्या डीजेंच्या हाती पडल्या. सॅल्सोल, वेस्ट एंड, प्रेल्यूड या डिस्को लेबलांच्या फिती बऱ्याच प्रमाणात टिकल्या, म्हणून त्यांच्या आवृत्त्या वारंवार निघतात. गावोगावच्या खासगी छपाईतील डिस्को हे संग्राहकांच्या खऱ्या शिकारीचे क्षेत्र. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनाइल तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबात सीडीपेक्षा जास्त झाली, असे १९८७ नंतर प्रथमच घडले. त्यात या संगीताचा हिस्सा अर्थात लहान आहे.

निर्मिती : मूळ फीत हाती असल्यास तिच्यावरून ध्वनी उतरवण्यापूर्वी ती काही वेळा हलकी भाजून घ्यावी लागते, कारण १९७० च्या दशकातील काही फितींचा थर ओलाव्याने चिकट होतो. जमैकात फीत महाग असल्याने तिच्यावर पुन्हा मुद्रण करण्याची पद्धत होती. अशा वेळी स्वच्छ तबकडीवरून ध्वनी उतरवून खरखर काढतात. ‘फितीवरून’ ही पाटी संग्राहकांत मानाची असली, तरी डबच्या बाबतीत नीट उतरवलेली तबकडी ही मूळ मिश्रणाची अधिक विश्वासार्ह साक्ष ठरू शकते. खरखर काढण्याचा अतिरेक झाला की झांजेची धार बोथट होते. हा दोष विक्रीच्या जाहिरातीत दिसत नाही.

पुढे लॅकर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात, तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि मग निकेल चढवून उलटी धातुप्रत घेतात. तिच्यावरून सुलटी ‘मदर’ आणि तिच्यावरून छपाईचे साचे निघतात. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील अपोलो मास्टर्सच्या कारखान्याला आग लागली, आणि लॅकर बनवणारा जपानमधील एकच कारखाना उरला.

ओळख पटवण्यासाठी तबकडी दिव्याखाली तिरपी धरून लेबलालगतचा गुळगुळीत पट्टा पाहतात. तेथे हाताने खरवडलेला क्रमांक असतो : ‘डीएसआर’ हे डायनॅमिक साउंड्सचे, ‘एफआरएम’ हे फेडरल रेकॉर्ड्सचे चिन्ह. पुनःप्रकाशनात तेथे बहुधा यंत्राने उमटवलेला सुबक क्रमांक आढळतो.

हक्क : जमैकात १९९३ च्या कायद्यापर्यंत ब्रिटिशांचा १९११ चा कायदाच चालू होता. वादकांना बहुधा ठोक मेहनताना मिळे, आणि एकच वाद्यसंगती, म्हणजे ‘रिदिम’, वेगवेगळे गायक व निर्माते वापरत. त्यामुळे एका बाजूवर गायकाचा, निर्मात्याचा व डब मिश्रणकाराचा असे तीन दावे येऊ शकतात. मिश्रणकाराचा दावा सर्वांत दुबळा.

भारत : रेगेच्या भारतीय छपाईविषयी साहित्य त्रोटक आहे. डिस्कोचे एक उदाहरण मात्र महत्त्वाचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादन करणारे चरणजित सिंग (मृत्यू २०१५) यांनी १९८२ च्या सुमारास एचएमव्हीसाठी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ (तालयंत्र) व टीबी-३०३ (खर्जयंत्र) या यंत्रांच्या साथीने त्यात वाजवले आहेत. डच संग्राहक एडो बाउमन यांना ती सापडली आणि २०१० मध्ये त्यांच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने तिची आवृत्ती काढली. त्यानंतर शिकागोच्या १९८७ मधील ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची ही पूर्वसूरी, असे म्हटले जाऊ लागले. यंत्रे तीच असल्याने ध्वनीत साम्य आहे, परंतु शिकागोत ही तबकडी कोणी ऐकली होती असा पुरावा नाही. मूळ शीर्षकातील ‘डिस्को’ हेच वर्गीकरण ठेवणे सयुक्तिक.