‘आम्ही’ की ‘आपण’? फिलिपिनो अभ्यासातला सर्वनामाचा वाद

फिलिपिन्सचा इतिहास आणि समाज यांवरचं संशोधन कोणत्या भाषेत लिहावं, हा वाद तिथे अधूनमधून पेटतो. त्याचं मूळ एका सर्वनामात आहे. मनिलाकडच्या तागालोग भाषेत ऐकणाऱ्याला वगळून बोलायचं तर ‘कामी’, त्याला धरून बोलायचं तर ‘तायो’. इंग्रजी वाचकाला हा फरक समजावायला तळटीप लागते, मराठी वाचकाला नाही. ‘आम्ही निघतो’ म्हटलं की पाहुणा बसून राहतो; ‘आपण निघू या’ म्हटलं की तो चपला शोधतो.

१९७० च्या दशकात, लष्करी कायद्याच्या काळात, मनिलाजवळच्या दिलिमनच्या विद्यापीठातले काही इतिहासकार या फरकावर अडून बसले. त्यांच्या मते १८८९ ते १८९५ या काळात बार्सिलोना-माद्रिदहून निघणारं फिलिपिनो सुधारणावाद्यांचं पाक्षिकसुद्धा ‘आम्ही’चंच लेखन होतं: स्पॅनिशमध्ये, तेव्हा राज्य करणाऱ्या स्पेनला उद्देशून, ‘आम्हीही कमी नाही’ हे पटवण्यासाठी. १८९८ मध्ये अमेरिकेने दोन कोटी डॉलर देऊन बेटं घेतली, शाळा इंग्रजी झाल्या. फक्त श्रोता बदलला. आता आपलं आपल्याशी बोलायचं, तेही आपल्या भाषेत, असा या मंडळींचा आग्रह. हीच ‘पांतायोंग पनानाव’, म्हणजे ‘आपण’ची दृष्टी. इतिहासाला त्यांनी ‘इस्तोर्या’ न म्हणता ‘कासायसायान’ म्हटलं. त्यातल्या ‘सायसाय’मध्ये कथन आणि अर्थ दोन्ही येतात.

पण या ‘आपण’मध्ये कोण कोण? १९३७ मध्ये तागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा ठरली, १९५९ मध्ये तिला ‘पिलिपिनो’ म्हटलं गेलं, १९८७ च्या संविधानात ती ‘फिलिपिनो’ झाली. नावं बदलली, पाया मनिलाचाच राहिला, ही सेबूकडची, म्हणजे वेगळी भाषा बोलणाऱ्या बेटावरची, तक्रार खोटी म्हणता येत नाही. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मुस्लिमांचा प्रश्न तर त्याहून जुना. शिवाय त्याच विद्यापीठातल्या काही इतिहासकारांनी लष्करी राजवटीत राष्ट्राध्यक्षांच्या नावावर निघालेल्या बहुखंडी इतिहासासाठी लेखणी झिजवली होती. त्याबद्दल ‘आपण’च्या दृष्टीचे समर्थक फारसं बोलत नाहीत.

तरीही फिलिपिनोत प्रबंध लिहिले जाऊ लागले, ते बऱ्याच अंशी या हट्टामुळे. पुढचा धक्का सरकारी होता. २०१३ च्या आदेशाने महाविद्यालयांच्या सक्तीच्या विषयांतून फिलिपिनो वगळली गेली. त्याविरुद्ध अध्यापक न्यायालयात गेले, २०१५ मध्ये स्थगिती मिळाली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला.