जिम मॅके

जिम मॅके (२४ सप्टेंबर १९२१ – ७ जून २००८) हे अमेरिकन टीव्हीवरचे स्पोर्ट्स ब्रॉडकास्टर. खरं नाव जेम्स केनेथ मॅकमॅनस. त्यांना नुसतं कॉमेंटेटर म्हणणं कमी पडतं, कारण ते मुळात पेपरचे बातमीदार आणि ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही, खेळ कुठलाही असो, त्यांचं लक्ष आधी खेळणाऱ्या माणसाकडे जायचं.

जन्म फिलाडेल्फियाचा, कॉलेज बाल्टिमोरला लोयोलात. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते, समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजावर. परत आल्यावर 'बाल्टिमोर सन'मध्ये नोकरी लागली, तिथेच मार्गारेट भेटल्या, त्याही रिपोर्टर, १९४८ ला लग्न झालं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच पेपरने टीव्ही स्टेशन काढलं आणि बाल्टिमोरच्या टीव्हीवर लोकांनी ऐकलेला पहिला आवाज मॅकेंचा होता. १९५० ला सीबीएस या टीव्ही नेटवर्कने न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. शोचं नाव ठरलं 'द रिअल मॅके' आणि त्या नावापायी माणसाचं आडनाव बदललं, ते कायमचंच! पुढे तिथे एका कोर्ट ड्रामात कोर्टातला वार्ताहरही झाले.

खरी ओळख मिळाली ती एबीसी या दुसऱ्या टीव्ही नेटवर्कच्या 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' या कार्यक्रमामुळे, सुरुवात २९ एप्रिल १९६१. निर्माते रून आर्लेज. मोठ्या लीगच्या मॅचेसचे हक्क एबीसीकडे फारसे नव्हते, म्हणून जगात जिथे जे सापडेल ते दाखवायचं असं ठरलं, मग अकापुल्कोच्या कड्यावरून समुद्रात उड्या मारणारे, बर्फावर स्केटिंग करत पिंपांवरून उडी घेणारे, लाकूडतोड्यांच्या स्पर्धा, ट्रॅक अँड फील्ड, जिम्नॅस्टिक्स, कार रेस, सगळंच आलं. यातलं निम्मं प्रेक्षकांनी कधी पाहिलेलंही नसायचं, तरी मॅके कुणाची टर उडवत नसत. पिंपांवरून उडी मारणाऱ्यालासुद्धा ऑलिम्पिकच्या धावपटूइतकाच मान! मला विचाराल तर त्यांचं अष्टपैलूपण ते हेच, वीस खेळांचे नियम पाठ असणारे बरेच सापडतील. १९६८ ला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मिळालं, स्पोर्ट्स कॉमेंटेटरला मिळालेलं ते पहिलंच.

मग म्युनिकचं ऑलिम्पिक. ५ सप्टेंबर १९७२, मॅकेंचा सुट्टीचा दिवस, पोहायला गेले होते. पॅलेस्टिनी हल्लेखोर ऑलिम्पिक व्हिलेजमध्ये घुसले, दोन इस्रायलींना मारलं, नऊ जणांना ओलीस धरलं. मुख्य अँकर ख्रिस शेंकेल होते, पण आर्लेजनी मॅकेंना बसवलं कारण ही आता खेळाची बातमी राहिली नव्हती आणि इथे मुरलेला बातमीदारच हवा होता. ओल्या स्विमिंग ट्रंकवरच कपडे चढवून ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि चौदा तासांहून जास्त वेळ बसून राहिले. व्हिलेजमधून एबीसीचे बातमीदार पीटर जेनिंग्स माहिती देत होते. मध्येच सगळे ओलीस सुटल्याची बातमी जगभर गेली, ती खोटी निघाली. ओलिसांतला वेटलिफ्टर डेव्हिड बर्गर मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा, त्याचे आईवडील घरी टीव्ही बघत असणार, मुलगा जिवंत आहे की नाही हे त्यांना आपल्याच तोंडून कळणार, ही गोष्ट मॅकेंच्या डोक्यातून जात नव्हती. म्युनिकमध्ये पहाटेचे तीन वाजून गेले होते. त्यांनी सांगितलं की ओलीस अकरा होते, दोघे काल सकाळीच खोल्यांमध्ये मारले गेले, नऊ आज रात्री विमानतळावर, आणि मग तीनच शब्द: सगळे गेले आता. आवाज चढवला नाही, रडण्याचं नाटक केलं नाही. ती क्लिप आजही बघवत नाही. त्या कामासाठी त्यांना खेळ आणि न्यूज अशा दोन्ही विभागांत एमी मिळालं.

एकूण बारा ऑलिम्पिक केली, गोल्फ आणि 'इंडियानापोलिस ५००' ही कार रेससुद्धा. पण जीव घोड्यांच्या शर्यतीत. मेरीलँडमध्ये पैदाशीसाठी ठेवलेल्या घोड्यांपासून जन्मलेल्या घोड्यांसाठी त्यांनी १९८६ मध्ये 'मेरीलँड मिलियन' हा रेसचा दिवस सुरू करायला पुढाकार घेतला, तो अजून भरतो. मुलगा शॉन मॅकमॅनस पुढे सीबीएस स्पोर्ट्सचे प्रमुख झाले. मॅके गेले ते मेरीलँडमधल्या आपल्या मंकटनच्या फार्मवर, बेलमाँट स्टेक्स या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी.