बायपासनंतर दुखण्याच्या गोळ्या लगेच बंद करायच्या?
"घरी आल्या आल्या गोळ्या बंद करा, नाहीतर सवय लागते" हा मेसेज खानापूर-निपाणीकडं कधीपासून फिरतोय. भीती अगदीच खोटी नाही बघा, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची जड गोळी बरेच दिवस घेतली तर सवय लागू शकते, पॅरासिटामॉलची तशी लागत नाही. पण ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात, आणि दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, मग कफ साठून न्यूमोनियाची भीती. म्हणून जड गोळी आधी, तीही डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची, पॅरासिटामॉल शेवटी. डिस्चार्ज कार्डावर नावं असतात, वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडनं वाचून घ्या की. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नका, हृदयाला धोक्याच्या त्या.