पेरोंनी बुश यांची मते खाल्ली?

अमेरिकेतील १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की हमखास ऐकू येते: अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष उभे राहिले नसते तर थोरले बुशच जिंकले असते.

मते अशी पडली: विजयी झालेले बिल क्लिंटन ४३ टक्के, बुश साडेसदतीसच्या आसपास, पेरो जवळपास १९. बुश आणि पेरो यांची बेरीज केली की झालंच! पण मतदार असे गठ्ठ्याने सरकत नाहीत. मतदान करून बाहेर पडलेल्या पेरो-मतदारांना विचारले, पेरो नसते तर मत कोणाला? ३८ टक्के म्हणाले बुश, ३८ टक्केच म्हणाले क्लिंटन. उरलेल्यांपैकी बरेच जण मतदानालाच गेले नसते.

क्लिंटन सुमारे ५८ लाख मतांनी पुढे होते. म्हणजे पेरोंच्या १ कोटी ९७ लाखांपैकी जवळपास दोन तृतीयांश मते बुश यांच्याकडे वळायला हवी होती. शिवाय पेरो जुलैत माघार घेऊन ऑक्टोबरात परतले. मधल्या काळात, ते रिंगणात नसतानाही, चाचण्यांत क्लिंटनच आघाडीवर होते.

ओहायोसारखे एखादे राज्य फिरले असते, हे मान्य. पण अध्यक्ष ज्यांवर ठरतो ती राज्यवार प्रतिनिधी मते (इलेक्टोरल कॉलेज) क्लिंटन ३७० विरुद्ध बुश १६८ अशी होती, आणि ओहायोची त्यात फक्त २१.